सात फेऱ्यांची मुंगी

आमची ही आत चहा ठेवायला गेली आहे, तोवर पटकन सांगून घेतो. ती बाहेर आली की हाच किस्सा तिच्या पद्धतीनं सांगते, आणि तिच्या पद्धतीत मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बावळट असतो. माझ्या पद्धतीत मधला थोडाच वेळ असतो. तेव्हा खुर्ची कूलरसमोर ओढून घ्या, आणि एका गणिताच्या मास्तरानं ऐन मोक्याला स्वतःची फजिती कशी करून घेतली ते ऐका.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नागपूरच्या एका कॉलेजात गणित शिकवायचो. तेव्हा मी सडपातळ होतो. हसू नका, फोटो आहे. माझी ख्याती म्हणाल तर एकच होती. फळ्यावर खडूनं स्प्रिंगसारखी वर चढत जाणारी रेषा मी एका दमात काढायचो, मनगट न उचलता. मागच्या बाकांवरची मुलं, जी एरवी माझ्या तासाला डुलक्या काढत, तीसुद्धा तेवढ्यापुरती जागी होत. त्या टाळ्यांनीच माझं डोकं फिरवलं असणार, दुसरं काय?

त्यातच कॉलेजात कॉम्प्युटर आला. एकच. त्याच्यासाठी तळमजल्यावरची एक खोली रिकामी केली, तिला रंग दिला, पडदे लावले आणि खिडकीत एसी बसवला. लक्षात घ्या, प्राचार्यांच्या खोलीतही तेव्हा खसचा कूलरच होता. एसी कॉम्प्युटरला. शिवाय नियम असा, की चपला दाराबाहेर काढायच्या. आत गेलं की टीव्हीसारखा एक डबा, त्यावर हिरवी अक्षरं, आणि आम्ही सगळे अनवाणी, हात बांधून उभे.

तुम्हाला गणित सोडून जमाना झाला असेल, म्हणून सोपं करून सांगतो. एक मुंगी खांबावर चढते आहे. सरळ नाही, खांबाला गोल गोल फेऱ्या घालत. कुठल्याही क्षणी ती कुठे आहे हे तीन आकड्यांत सांगता येतं. किती पुढे, किती बाजूला आणि किती उंच. वेळ सरकली की तिन्ही आकडे सरकतात. त्या वेळेला आम्ही टी म्हणतो. टी वाढवत जायचं, दर वेळी एक ठिपका द्यायचा, की मुंगीची वाट तयार. पुस्तकात याला भारदस्त नाव आहे, पण खरी ती मुंगीच.

मशीनबरोबर आलेल्या फ्लॉपीत आलेख काढायचा प्रोग्राम होता, पण तो सपाट कागदावरच्या आलेखांचा. मी त्याला तिसऱ्या मितीची जोड दिली. मुंगीची तीन सूत्रं टाकायची, टी कुठून कुठवर ते टाकायचं, आणि आपण किती उंचावरून पाहतो आहोत तो डोळ्याचा कोन टाकायचा. मग मशीन एकेक ठिपका देत बसायचं. सावकाश. इतकं सावकाश, की मधे जाऊन चहा पिऊन यावं. पण शेवटी पडद्यावर हिरवी स्प्रिंग उभी राहिली, तेव्हा मी त्या थंड खोलीत एकटाच टाळ्या वाजवल्या, हे आज पहिल्यांदा सांगतो आहे.

आता लग्नाचं ऐका. सुमनला मी आधी एकदाच पाहिलं होतं, पारशिवनीला, चुलतभावाच्या लग्नात. ती पंगतीत वाढत होती. मी "नको, नको" म्हणत पानावर हात आडवा धरला, तर तिनं हाताच्या बाजूनं अलगद वांग्याची भाजी सोडली आणि पुढे निघून गेली. मागे वळूनही पाहिलं नाही. झालं. मला ती आवडली. ती भाजी मी शेवटच्या फोडीपर्यंत संपवली, आणि वांगं मला तोवर मुळीच आवडत नव्हतं.

तिचे वडील गुलाबराव भिवापूरचे, मिरचीचे व्यापारी. आमच्याकडून निरोप गेला तेव्हा त्यांनी नाही म्हटलं नाही, पण अट घातली. या माणसाची मिरची घ्यायची पद्धत अशी, की पोत्याच्या तोंडाशी असलेली लालभडक मिरची ते बघतच नसत. कोपरापर्यंत हात खाली घालून मधली मिरची काढत, मोडत आणि वास घेत. जावयाच्या बाबतीतही त्यांचा तोच खाक्या. म्हणाले, "घरी तर सगळेच पोट्टे गुणाचे राह्यतात. पोह्याची प्लेट हातात घेऊन कोनीही चांगलाच दिसते. मी पोराले कामावर पाहीन."

मे महिना, उन्हाची काहिली, आणि मुलाला पाहायचं कुठे, तर कॉलेजात! मी भीत भीत प्राचार्यांना विचारलं. त्यांना तर आनंदच झाला. स्टाफला कॉम्प्युटरचं प्रात्यक्षिक दाखवायचं त्यांच्या मनात होतंच, म्हणाले, त्याच दिवशी उरकून टाकू. नोटीस लागली. आणि काय सांगू, जे लोक मला पाहून रस्ता बदलत, ते मराठीचे, इतिहासाचे, राज्यशास्त्राचे प्राध्यापक येऊन मुंगीबद्दल आस्थेनं चौकशी करू लागले. मला वाटलं, गणिताची गोडी लागली. कसली गोडी! अख्ख्या कॉलेजात एसी एकाच खोलीत होता.

ठरलेल्या दिवशी आई सकाळीच माझ्याबरोबर आली. तिला मशीनला हळद-कुंकू वाहायचं होतं. मुलगी पाहायला निघालं की ती नारळसुद्धा स्वतः निवडून घेई, आणि इथे तर मुलाचं अख्खं नशीब त्या डब्यात होतं. तिला खूश करायला मी म्हटलं, "आई, मुंगीच्या मुद्दाम सात फेऱ्या ठेवल्या आहेत. लग्नाचे सात." आई अशी खुलली, की मी लगेच तालीम म्हणून रेषा काढून दाखवली.

ठिपके पडू लागले. आई टक लावून पाहत होती. दोन फेऱ्या झाल्या आणि तिचा चेहरा उतरला.

"काहून गा, हे तर खाली उतरून राह्यलं."

खरं होतं. मशीनचा पडदा उंची वरून खाली मोजतो, त्यामुळे आकडा वाढला की ठिपका खाली सरकतो. स्प्रिंग तीच, फक्त वरून सुरू होऊन खाली येणारी. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मी आईला समजावलं की गणितात वर-खाली असं काही नसतं, आपण मानू तसं.

"तुह्या गणितात नसन," आई म्हणाली. "सात फेरे अन् सातही खाली? अन् तेही पोरीच्या बापासमोर? मले नाही चालत. वर चढव त्याले."

आता आईपुढे कोणाचं चाललंय? खरं तर उपाय सोपा होता. उंचीच्या सूत्राआधी एक वजाचं चिन्ह टाकलं असतं की मुंगी मुकाट्यानं वर चढली असती. पण मी हुशार ना. मी विचार केला, मुंगीला कशाला उलटं करायचं, बघणाऱ्यालाच उलटं करू. डोळा अर्धा फेरा फिरवला की खालचं वर. अर्धा फेरा म्हणजे गणितातला पाय, तीन पूर्णांक चौदा शतांश, हे मी मुलांकडून घोकून घेत आलो होतो. पण आई मागे उभी, डोक्यात एकच शब्द, "अर्धा, अर्धा", आणि हातानं टाइप झालं, पाय भागिले दोन. अर्ध्याचं अर्धं केलं. म्हणजे डोळा पुरता उलटा व्हायच्या ऐवजी थेट खांबाच्या टोकावर जाऊन बसला, नाक खाली करून.

एकदा चालवून पाहिलं असतं तर तिथेच कळलं असतं. पण तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली. गुलाबराव उतरले, मागे सुमन. आई कुंकवाचा करंडा पदरात लपवत बाहेर धावली आणि मी केस नीट करत तिच्यामागे.

खोली गच्च भरली. बाहेर चपलांचा ढीग, आत प्राध्यापक भिंतीला टेकून, काही तर खाली फरशीवर मांडी घालून. फरशी गार होती ना. गुलाबरावांना पहिल्या खुर्चीवर बसवलं, शेजारी सुमन, मान खाली घालून, जशी दाखवायला आणलेली मुलगी बसते तशी. म्हणजे तिथे बघितला जाणारा मी होतो, पण मान तिनं खाली घातली होती.

मी आधी भिंतीवरच्या फळ्यावर माझी ती प्रसिद्ध स्प्रिंग काढली. एका दमात. मग मुंगी सांगितली, खांब सांगितला, टी सांगितला. गुलाबराव लक्ष देऊन ऐकत होते. "हेच आता मशीन स्वतः काढेल," मी म्हटलं. "मुंगी सात फेऱ्या मारत कशी वर चढते ते बघा." आणि ऐटीत बटण दाबलं.

ठिपका पडला. दुसरा पडला. ठिपके गोलाकार सरकत गेले, सुंदर वळण घेतलं, आणि जिथून निघाले होते तिथेच परत आले. पडद्याच्या मधोमध हिरवं, गुळगुळीत, निर्दोष वर्तुळ. मग काही नाही.

मशीन चालू होतं. दिवा लुकलुकत होता, आतून घरघर येत होती. पण पडद्यावर वर्तुळ ते वर्तुळ. मला वाटलं, आता चढेल. सगळ्यांना वाटलं, आता चढेल. कोपऱ्यातून कोणी तरी हळूच म्हणालं, शून्य छान आलं आहे.

"हा पाया आहे," मी म्हटलं. का म्हटलं, देव जाणे. प्राचार्यांनी लगेच मान डोलावली आणि पाया पक्का असणं कसं महत्त्वाचं यावर छोटंसं भाषण केलं. इमारतीचा पाया, शिक्षणाचा पाया, राष्ट्राचा पाया. भाषण संपलं. वर्तुळ तसंच.

गुलाबराव जरा पुढे झुकले. "चढते केव्हा?"

"चढतेच आहे," मी म्हटलं. "थोडा वेळ लागतो."

गंमत बघा, मी अगदी खरं बोललो होतो आणि मलाच ते माहीत नव्हतं. मुंगी आत इमानेइतबारे चढत होती. पण मला तेव्हा घाम फुटला होता, त्या एसीत. आई मागून माझ्या पाठीत बोट टोचत होती. मग मी ते केलं जे प्रत्येक शिकलेला माणूस अडचणीत करतो. दोष मशीनवर ढकलला. म्हटलं, खोलीत माणसं फार झाली, मशीन तापलं आहे.

प्राचार्य घाबरले. एवढं मोलाचं मशीन. त्यांनी हुकूम सोडला की गणिताचे सोडून बाकी सगळ्यांनी बाहेर जावं. एकही माणूस हलला नाही. बाहेर डांबर वितळत होतं. इतिहासवाले म्हणाले, आम्ही श्वास हळू घेतो. राज्यशास्त्रवाले म्हणाले, आम्हाला हे वर्तुळच फार आवडलं आहे, पुढे नाही गेलं तरी चालेल.

गुलाबरावांनी मात्र माझ्याकडे पाहिलं. पोत्यात हात घालून मधली मिरची काढावी तसं पाहिलं. "मास्तर, मशीन तुमचं, चालवनारे तुम्ही. अन् गरम झाल्याचा दोष आमच्या बसन्याले?"

सुमन हातची जाते आहे हे मला स्पष्ट दिसत होतं, त्या वर्तुळापेक्षा स्पष्ट. अशा वेळी माणसानं गप्प बसावं की नाही? मी काय केलं? छाती काढून म्हणालो, "मशीन बरोबर आहे. ही रेषा अशीच असते. गोल."

सगळ्यांच्या माना एकदम फळ्याकडे वळल्या. तिथे माझ्याच हातची, एका दमात काढलेली स्प्रिंग ऐटीत उभी होती. आईनं पाठीत टोचणं बंद केलं, ती बहुतेक दुसरी स्थळं आठवू लागली असावी.

गुलाबराव उठायला लागले. खुर्चीच्या हातांवर तळवे टेकले, आणि तेवढ्यात मान खाली घातलेली मुलगी बोलली. मला नाही, वडिलांना.

"बाबा, मुंगी चढूनच राहिली. हे खांबाच्या शेंड्यावर बसून खाली वाकून पाहून राहिले, म्हणून दिसत नाही."

गुलाबराव अर्धवट उठलेले तसेच थांबले. "म्हंजे?"

"आपल्या विहिरीत वाकून पाहिलं तर काय दिसते? गोलच ना? खोल किती हाय, ते थोडंच दिसते. बाजूनं पाहा म्हणा त्यांले."

मी पडद्याकडे पाहिलं. मग सूत्राकडे पाहिलं. पाय भागिले दोन! अहो, विहिरीचं तोंडच होतं ते. या चुकीवर माझा ओरडा खाल्लेला कॉलेजातला प्रत्येक विद्यार्थी मला आठवला. मान वर करायची सोय उरली नाही. मी निमूटपणे जुना तिरपा कोन परत टाकला, उंचीच्या आधी ते एक वजाचं चिन्ह टाकलं, जे सकाळीच टाकायला हवं होतं, आणि बटण दाबलं. या वेळी ऐट नव्हती.

ठिपका पडला. सरकला, वळला, आणि वळता वळता जरासा वर गेला. दुसरी फेरी पहिलीच्या वर. तिसरी तिच्या वर. हिरवी रेषा एकेक फेरा घेत चढत होती, आणि खरं सांगतो, नोटीस वाचून फक्त गारव्याला आलेले ते लोकसुद्धा प्रत्येक फेऱ्याला पुढे सरकत होते. सातवा फेरा पुरा झाला तेव्हा आईनं पुढे होऊन पडद्यासमोर कानशिलावर बोटं मोडली. मशीनची दृष्ट काढलेली मी तरी पुन्हा कुठे पाहिली नाही.

सगळे बाहेर पडले. म्हणजे प्राध्यापक नाही, ते तिथेच बसून राहिले, पण आम्ही घरचे. दारात प्रत्येकजण आपापल्या चपला शोधत होता आणि तापलेल्या फरशीवर एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत होता. अशाच उड्या मारता मारता माझं लग्न ठरलं. गुलाबरावांनी एक चप्पल पायात सरकवत मुलीला विचारलं, "काय वं, चालते का मास्तर?"

सुमननं माझ्याकडे पाहिलं. पंगतीत पाहिलं नव्हतं, ते आत्ता पाहिलं. "चालते," ती म्हणाली. "पण यांच्या बाजूले कोणी तरी उभं पाहिजे."

मला इतका आनंद झाला, की मी प्राचार्यांच्या चपला घालून घरी आलो. ते मला संध्याकाळी कळलं. त्यांना त्याआधीच कळलं होतं.

लग्न झालं. सात फेरे झाले, आईच्या देखरेखीखाली. सुमननं लग्नानंतर एम.एस्सी. केलं, गणितातच, आणि पुढे ती माझ्याहून बरं शिकवू लागली, असं विद्यार्थी म्हणत. माझं मात्र तेच कॉलेज, तोच फळा, तीच खुर्ची. माझ्या मागून आलेले कोणी विभागप्रमुख झाले, कोणी प्राचार्य झाले. मी आपला लेक्चरर म्हणून लागलो आणि लेक्चरर म्हणूनच निवृत्त झालो. पण खोटं कशाला बोलू, मजेत होतो. घरी वांग्याची भाजी मिळत होती, आणि तिचा परिणाम तुम्हाला समोर दिसतोच आहे. शर्टाची खालची दोन बटणं आता लागत नाहीत.

निवृत्तीच्या कार्यक्रमाला गुलाबराव आले होते. पार थकलेले, काठी टेकत, पण आले. चहाच्या वेळी एका नव्या प्राध्यापकानं त्यांना आदरानं विचारलं, की सर इतकी वर्षं एकाच पदावर कसे राहिले? माझे कान टवकारले. म्हातारा काय बोलतो कोण जाणे.

गुलाबराव शांतपणे म्हणाले, "जावई चढूनच राह्यले जी. तुम्ही वरून पाहून राह्यले, म्हनून दिसत नाही."

सगळे हसले. मीही हसलो, पण खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. इतक्या वर्षांनी म्हाताऱ्यानं ते लक्षात ठेवलं होतं, आणि माझ्या बाजूनं वापरलं होतं. त्या भरात मी सुमनकडे वळून सगळ्यांसमोर म्हटलं, "ऐकलं? तू तर इतकी वर्षं बाजूलाच उभी आहेस. आता तूच सांग यांना, बाजूनं पाहिलं तर काय दिसतं?"

तिनं मला नीट पाहून घेतलं, वरपासून त्या दोन बटणांपर्यंत.

"बाजूनं पाहिलं तरी गोलच दिसते," ती म्हणाली.